वर्डप्रेसमध्ये बाजारभाव भरायला स्वतंत्र ॲडमिन पान: ॲडमिनला चालतं, ऑपरेटरला नाही

सिडकोकर विचारतात:

नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे रोजचे कांदा-टोमॅटोचे भाव देणारी वर्डप्रेस साइट आहे. आतापर्यंत रोज एक पोस्ट आणि तिच्यात एक्सेलमधून चिकटवलेला तक्ता, असं चालायचं. त्यामुळे "लासलगावला गेल्या महिन्यात उन्हाळ कांदा काय भावाने गेला" एवढंही साइटवरून काढता येत नाही. म्हणून डॅशबोर्डमध्ये 'बाजारभाव' असा वेगळा मेनू केला आहे. त्यात दोन पानं आहेत: 'आजचे भाव' आणि 'महिन्याचा तक्ता'.

सध्याची रचना अशी. कोड थीमच्या फंक्शन्स.पीएचपीमध्ये. मेनू ॲड_मेनू_पेज आणि ॲड_सबमेनू_पेज वापरून. फॉर्म रजिस्टर_सेटिंग करून ऑप्शन्स.पीएचपीकडे जातो आणि सगळे भाव एकाच ऑप्शनमध्ये (वर्डप्रेसच्या सेटिंग साठवायच्या नोंदीत) ॲरे, म्हणजे यादी, म्हणून साठतात. भाव भरणाऱ्यांना एडिटर रोल दिला आहे.

अडचणी:

१. ऑपरेटरला पान दिसतं, पण सेव्ह दाबलं की परवानगी नाही असा संदेश येतो. ॲडमिनला सेव्ह होतं.

२. ॲडमिनला सेव्ह होतं खरं, पण 'सेव्ह झालं' अशी हिरवी पट्टी येत नाही.

३. मेनूचं नाव इंग्रजीतून मराठी केल्यापासून 'महिन्याचा तक्ता' या पानावर सीएसएस आणि जावास्क्रिप्ट लोडच होत नाही. मुख्य पानावर होतं.

४. काही भाव ० पडतात, काही १ किंवा २.

५. महिन्याच्या तक्त्यात ३१ दिवस, रोज १२ समित्या, प्रत्येकी आवक-किमान-कमाल-सरासरी असे चार रकाने आहेत. २१ तारखेच्या शेवटच्या काही समित्या आणि त्यापुढचे सगळे दिवस सेव्ह होत नाहीत. एररही दिसत नाही.

(फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये अर्थातच रोमन, लहान अक्षरं, मध्ये अंडरस्कोर.)

---

गंगापूररोड:

पहिल्या दोन्हीचं मूळ एकच आहे: सेटिंग ठेवायच्या यंत्रणेतून तुम्ही रोजची नोंद करताय.

ऑप्शन्स.पीएचपी ही फाइल साइटच्या सेटिंगसाठी आहे आणि ती मुळातच मॅनेज_ऑप्शन्स ही परवानगी मागते. ॲड_मेनू_पेजला तुम्ही एडिट_पोस्ट्स दिलं असेल तर पान दिसेल, कारण ती अट पान उघडण्यापुरती आहे. फॉर्म जिथे जाऊन पडतो तिथलं दार वेगळं आहे. ते उघडायचा अधिकृत मार्ग म्हणजे ऑप्शन_पेज_कॅपॅबिलिटी_ या नावाचा फिल्टर (वर्डप्रेस वापरणार ती किंमत आपल्या कोडमधून बदलायची सोय). त्याच्या शेवटी तुमच्या सेटिंग गटाचं नाव जोडायचं (रजिस्टर_सेटिंगचा पहिला पॅरामीटर, पानाचा स्लग, म्हणजे पत्त्यातलं नाव, नव्हे) आणि फिल्टरमधून हवी ती कॅपॅबिलिटी, म्हणजे परवानगी, परत द्यायची. ऑपरेटरला मॅनेज_ऑप्शन्स देऊन मोकळं होऊ नका. तेवढ्याने तो साइटचा पत्ता आणि ॲडमिनचा ईमेलही बदलू शकेल.

हिरव्या पट्टीचं उत्तर साधं आहे. 'सेटिंग्ज' मेनूखालच्या पानांवर वर्डप्रेस ती स्वतः दाखवतं. वरच्या पातळीवर स्वतःचा मेनू केला की पानाच्या कॉलबॅकमध्ये (पान छापणाऱ्या फंक्शनमध्ये) शीर्षकाखाली सेटिंग्ज_एरर्स हे फंक्शन आपण बोलवायचं. उलट बाजूही ध्यानात असू द्या: हेच पान पुढे कधी 'सेटिंग्ज'खाली हलवलंत तर ती ओळ काढा, नाहीतर पट्टी दोनदा येते.

पण हे सगळं करूनही भाव ऑप्शनमध्ये ठेवणं चूकच राहील. ॲरे फुगत जाणार. ऑटोलोड चालू असेल तर साइटचं कुठलंही पान उघडलं, अगदी 'संपर्क' पान, तरी तो अख्खा ॲरे मेमरीत येणार. त्यातही वाईट म्हणजे दोन ऑपरेटरांनी एकाच वेळी सेव्ह केलं तर नंतरचा आधीच्याचं पुसतो, कारण प्रत्येक वेळी पूर्ण ॲरे लिहिला जातो. सेटिंग म्हणजे 'कोणत्या समित्या दाखवायच्या', 'किती दिवसांचा आलेख'. ते ऑप्शनमध्ये ठीक आहे. भाव ही नोंद आहे, तिला टेबल हवं.

आणि कोड थीममधून काढून छोट्या प्लगिनमध्ये टाका. वर प्लगिन नेमची एक कॉमेंट असलेली एक फाइल पुरते. उद्या थीम बदलली तर मेनूच गायब होईल.

---

अंजनेरी:

३, ४, ५ ची उत्तरं देतो.

तिसऱ्याचं कारण भल्याभल्यांना सापडत नाही. ॲडमिन_एन्क्यू_स्क्रिप्ट्स या हुकमध्ये (हुक म्हणजे वर्डप्रेस ठरावीक वेळी आपला कोड चालवतं ती जागा) तुम्ही पानाच्या नावाची स्ट्रिंग हाताने लिहून तुलना करत असणार. वरच्या पातळीच्या पानाचं हुकनाव 'टॉपलेव्हल_पेज_' आणि पुढे स्लग असं बनतं, त्यात मेनूच्या शीर्षकाचा संबंध नाही. म्हणून मुख्य पान चाललं. सबमेनूचं हुकनाव मात्र पालक मेनूच्या *शीर्षकावरून* बनतं: ते शीर्षक सॅनिटाइझ_टायटलमधून जातं, मग '_पेज_' आणि स्लग. शीर्षक 'बाजारभाव' केलंत की तिथे टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ तयार होते आणि जुनी तुलना फसते. साइटची भाषा बदलली आणि शीर्षक भाषांतरातून येत असलं तरी हेच होईल.

उपाय: नाव ओळखत बसू नका. ॲड_सबमेनू_पेज हुकनाव परत देतं, ते व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा आणि त्याच्याशीच तुलना करा. स्लग मात्र रोमन लहान अक्षरांत आणि कायमचा एकच ठेवा.

जाता जाता: पहिल्या सबमेनूला पालकाचाच स्लग द्या. नाहीतर 'बाजारभाव' हे नाव खाली पुन्हा पहिल्या ओळीत दिसतं.

चौथा प्रश्न अंकांचा. दोन वेगळी कारणं आहेत. पीएचपीला '१८५०' हे देवनागरीत दिलं आणि पूर्णांकात बदलायला सांगितलं तर ० मिळतो, त्याला ते अंक वाटतच नाहीत. आणि इंग्रजी अंकांत स्वल्पविराम घालून एकवीसशे लिहिले तर पीएचपी स्वल्पविरामापाशी थांबतं, उरतात २. तुमचे १ आणि २ तिथून आले. कांदा हजाराच्या आत असता तर हे कळलंही नसतं.

सेव्ह करण्याआधी तीन पायऱ्या. देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करा. त्यासाठी एसटीआरटीआर ला जोड्यांचा ॲरे द्या. त्याचं तीन पॅरामीटरवालं रूप वापरू नका, ते बाइटगणिक बदल करतं आणि देवनागरी अंक तीन बाइटांचा असल्याने कचरा होतो. मग स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढा. शेवटी उरलेलं फक्त अंकांचंच आहे ना हे रेग्युलर एक्स्प्रेशनने तपासा. नसेल तर ० लिहू नका, ती ओळ एरर म्हणून परत दाखवा.

रकान्याचा प्रकार 'नंबर' ठेवू नका. देवनागरी कीबोर्ड चालू असला की त्यात अंक उमटत नाहीत किंवा रकाना रिकामा जातो. शिवाय क्रोममध्ये कर्सर रकान्यात असताना माउसचं चाक फिरलं की आकडा एकाने सरकतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. प्रकार 'टेक्स्ट' आणि इनपुटमोड 'न्यूमेरिक' ठेवा. फोनवर अंकांचा कीबोर्ड येतोच.

पाचवं: पीएचपीची मॅक्स_इनपुट_व्हार्स ही मर्यादा मुळात १००० असते. तुमचे रकाने ३१ × १२ × ४ = १४८८. सेटिंग्ज_फील्ड्स सुरुवातीला चार लपलेले रकाने घालतं, उरले ९९६. रोजचे ४८ प्रमाणे वीस दिवसांत ९६० संपले. २१ तारखेला उरले ३६, म्हणजे नऊ समित्या. दहावीपासून पुढचं पीएचपीने टाकून दिलं. पडद्यावर काही येत नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये वॉर्निंग असते.

मर्यादा वाढवता येते, पण ती कोडमधून आयएनआय_सेट करून वाढत नाही, कारण तुमचा कोड चालायच्या आधीच पोस्टचा डेटा वाचून झालेला असतो. पीएचपी.आयएनआय किंवा होस्टिंगच्या पॅनेलमधून वाढवावी लागते. मी वाढवणार नाही. महिन्याचा तक्ता हे बघायचं पान ठेवा, भरायचं नको. एक दिवस, एक समिती, एक फॉर्म.

---

निफाडकर:

टेबल करणारच असाल तर रकाने ठरवण्याआधी बाजार कसा चालतो ते धरा, नाहीतर पुन्हा उसकटावं लागेल.

'कांदा' असा एकच माल ठेवू नका. लाल आणि उन्हाळ वेगळे. मार्चच्या सुमारास एकाच दिवशी एकाच आवारात दोन्हींचे लिलाव होतात आणि भाव वेगळे असतात. म्हणजे एका ओळीची ओळख तारीख + बाजार + वाण अशी तिहेरी. त्यावर युनिक की लावा, म्हणजे तीच ओळ दोनदा होणार नाही.

'समिती' नव्हे, 'बाजार' म्हणा. लासलगाव समितीचेच विंचूर आणि निफाड इथे उपबाजार आहेत, त्यांची आवक आणि भाव वेगळे जाहीर होतात. बाजाराच्या टेबलात 'पालक समिती' हा एक रकाना ठेवला की काम भागतं.

एकक: कांदा क्विंटलवर, टोमॅटो पिंपळगावला २० किलोच्या क्रेटवर. ऑपरेटर पुकारला तोच आकडा भरणार, त्याला गुणाकार करायला लावू नका. मालाच्या टेबलात 'एककाचं वजन किलोत' ठेवा (१०० आणि २०), क्विंटलचा भाव दाखवताना काढा. क्रेटचा भाव पाचने गुणला की क्विंटलचा.

सरासरी कधीही किमान आणि कमाल यांची बेरीज भागिले दोन अशी काढू नका. बाजारात सरासरी किंवा सर्वसाधारण भाव म्हणजे बहुतेक माल ज्या भावाने गेला तो. किमान भाव एखाद्या खादी-गोल्टीच्या (हलक्या, बारीक कांद्याच्या) वाहनाचा असू शकतो, कमाल एकाच उत्तम ट्रॉलीचा. दोन्हींच्या मध्यावर सरासरी असेलच असं नाही. तपासणी एवढीच: किमान ≤ सरासरी ≤ कमाल.

लिलाव बंद असेल (रविवार, सण, संप, कुठे अमावास्या) तर ० भरू नका. 'बंद' ही वेगळी स्थिती ठेवा आणि भावाचे रकाने नल, म्हणजे रिकामे. शून्य भरलं की महिन्याची सरासरी खाली येते आणि आलेख जमिनीला टेकतो.

---

सातपूर_एमआयडीसी:

स्वतःचं टेबल कशाला? कस्टम पोस्ट टाइप (पोस्टसारखाच, पण आपला वेगळा प्रकार) करा, भावाचे रकाने मेटामध्ये (पोस्टला जोडलेल्या जादा माहितीत). यादी, शोध, ट्रॅश, 'प्रलंबित' स्थिती, लेखक कोण, सगळं आयतं मिळतं. शो_इन_मेनू मध्ये स्वतःच्या मेनूचा स्लग दिला की तुमच्याच मेनूखाली येतं. फक्त ॲडमिन_मेनू हुकची प्रायॉरिटी ९ किंवा कमी ठेवा, नाहीतर पोस्ट टाइपची यादी पहिल्या जागी बसते आणि मुख्य मेनूवर क्लिक केलं तरी तीच उघडते. अर्धा कोड वाचेल.

---

अंजनेरी:

दहा-वीस नोंदी असत्या तर मीही हेच सांगितलं असतं. इथे हिशोब वेगळा आहे. १२ बाजार, दोन वाण, महिन्याला २५ दिवस: ६०० नोंदी, वर्षाला ७२००. प्रत्येकीला सहा मेटा म्हणजे पोस्टमेटात वर्षाला ४३,२०० ओळी. त्यात मेटा_व्हॅल्यू लाँगटेक्स्ट असते आणि तिच्यावर इंडेक्स नसतो. 'मार्च ते मे, येवला, उन्हाळ, तारखेप्रमाणे' हे काढायला तीन-चार जॉइन आणि वर आकड्यात बदल. आणि मुख्य म्हणजे तिहेरी युनिक की पोस्ट टाइपला लावताच येत नाही. नेट रेंगाळलं, ऑपरेटरने बटण दोनदा दाबलं, की दोन पोस्ट.

बातम्या, समित्यांची माहिती, फोटो यांना पोस्ट टाइप उत्तम. भावांना नको.

टेबल करताना डीबीडेल्टा हे वर्डप्रेसचं टेबल बनवायचं फंक्शन वापरा, पण त्याचे नखरे आहेत: प्रत्येक कॉलम वेगळ्या ओळीवर, 'प्रायमरी की' या शब्दांनंतर *दोन* मोकळ्या जागा, 'इंडेक्स' ऐवजी 'की'. चुकलं तर ते बऱ्याचदा गप्प बसतं किंवा दर वेळी तेच बदल करत राहतं. कॉलम काढायचा असेल तर ते काढत नाही, तो ऑल्टर स्वतः लिहावा लागतो. आणि वर्डप्रेसच्या ॲडमिन इन्क्लूड्समधली अपग्रेड.पीएचपी आधी रिक्वायर करा, नाहीतर फंक्शनच सापडत नाही.

ॲक्टिव्हेशनचा हुक प्लगिन अपडेट झाल्यावर चालत नाही. टेबलची आवृत्ती एका ऑप्शनमध्ये ठेवा, ॲडमिन_इनिटला ती कोडमधल्या आवृत्तीशी पडताळा आणि फरक असेल तरच डीबीडेल्टा चालवा.

ओळ लिहिताना डब्ल्यूपीडीबीचं (वर्डप्रेसच्या डेटाबेस वर्गाचं) रिप्लेस वापरू नका. ते जुनी ओळ उडवून नवी घालतं, आयडी बदलतो, मंजुरीची माहिती जाते. 'इन्सर्ट... ऑन डुप्लिकेट की अपडेट' लिहा. प्रिपेअरमधून (त्याच वर्गाच्या, क्वेरीत किमती सुरक्षित भरणाऱ्या फंक्शनमधून) नल पाठवता येत नाही, पूर्णांकाच्या जागी तो ० होतो. निफाडकरांनी सांगितलेली 'बंद' ओळ नेमकी इथे बिघडेल. त्या ओळीसाठी क्वेरीत नल हा शब्दच लिहा, आकड्याची जागा सोडू नका.

---

सिडकोकर:

रकान्यांचं पटलं, टेबल करतोय. ३ आणि ४ सुटले. आता पुढचे दोन प्रश्न. एडिटर रोल काढायचा आहे: ऑपरेटरला लॉगिन केल्यावर भावाचं पानच दिसावं, पोस्ट-मीडिया काही नको, आणि ज्याला येवला दिलं आहे त्याने चांदवडचे भाव बदलता कामा नयेत. मंजुरी नाशिकमधून एकच माणूस देईल. सध्या रिमूव्ह_मेनू_पेज वापरून बाकीचे मेनू काढलेत. आणि फॉर्म ऑप्शन्स.पीएचपी सोडून कुठे पाठवायचा?

---

गंगापूररोड:

रिमूव्ह_मेनू_पेज फक्त पाटी काढतं, खोली उघडीच राहते. पत्ता टाइप केला की पान उघडतं. अडवायचं तर परवानगीनेच.

ॲड_रोलने 'भाव ऑपरेटर' हा रोल करा, त्यात दोनच गोष्टी: 'रीड' आणि स्वतःची 'भाव_भरणे' (रोमनमध्ये, प्लगिनचा उपसर्ग लावून). रीड नसेल तर डॅशबोर्डमध्येच शिरता येत नाही. मंजुरी देणाऱ्याच्या रोलला 'भाव_मंजूर' वेगळी. ॲडमिनिस्ट्रेटरलाही दोन्ही हाताने जोडा, त्याला नव्या कॅपॅबिलिटी आपोआप मिळत नाहीत. हे विसरलं की स्वतःच्याच मेनूला मुकाल. हे सगळं ॲक्टिव्हेशनच्या वेळी एकदाच करा. रोल डेटाबेसमध्ये साठतात, प्रत्येक पानावर जोडत बसायचं कारण नाही. उलट प्लगिन बंद केला तरी ते तसेच राहतात, म्हणून अनइन्स्टॉलमध्ये काढायची सोय ठेवा.

असा रोल दिला की ऑपरेटरला डॅशबोर्ड, प्रोफाइल आणि तुमचा मेनू एवढंच दिसेल. काहीही लपवायची गरज उरत नाही. लॉगिननंतर थेट पानावर नेण्यासाठी लॉगिन_रिडायरेक्ट फिल्टर. त्यातला तिसरा पॅरामीटर चुकीच्या पासवर्डला युजर नसून डब्ल्यूपी_एरर असतो, आधी तपासा.

साइटवर वूकॉमर्स असेल तर एक खड्डा आहे: एडिट_पोस्ट्स नसलेल्या सदस्याला ते डॅशबोर्डमधून बाहेर काढून 'माझं खातं' पानावर पाठवतं. त्यासाठी वूकॉमर्स_प्रिव्हेंट_ॲडमिन_ॲक्सेस हा फिल्टर आहे. तुमची कॅपॅबिलिटी असलेल्यांसाठी त्यातून फॉल्स परत द्या.

येवला-चांदवडसाठी युजर मेटामध्ये बाजारांचे आयडी ठेवा. ड्रॉपडाउनमध्ये तेवढेच दाखवा, पण खरी तपासणी सेव्ह करताना करा: आलेला बाजार आयडी या युजरच्या यादीत आहे का? ड्रॉपडाउनमधला आकडा ब्राउझरमध्ये कोणीही बदलू शकतो. हा रकाना युजरच्या संपादन पानावर दाखवताना फक्त एडिट_युजर_प्रोफाइल आणि एडिट_युजर_प्रोफाइल_अपडेट हे दोन हुक घ्या. उदाहरणांमध्ये त्यांच्या जोडीला पर्सनल_ऑप्शन्स_अपडेट नेहमी असतो. तो घेतलात तर ऑपरेटर स्वतःच्या प्रोफाइलमधून स्वतःला चांदवड देऊ शकेल.

---

अंजनेरी:

फॉर्म ॲडमिन-पोस्ट.पीएचपीकडे पाठवा. फॉर्ममध्ये 'ॲक्शन' नावाचा लपलेला रकाना, त्याची किंमत समजा 'भाव_सेव्ह'; मग ॲडमिन_पोस्ट_भाव_सेव्ह या हुकला तुमचं फंक्शन. 'नोप्रिव्ह' असलेला जुळा हुक लावू नका, तो लॉगिन नसलेल्यांसाठी असतो.

फंक्शनमध्ये क्रम असा: चेक_ॲडमिन_रेफरर ने नॉन्स (फॉर्मसोबत येणारा तात्पुरता सुरक्षा-संकेत), मग करंट_युजर_कॅन ने परवानगी, मग बाजार या युजरचा आहे का, मग डब्ल्यूपी_अनस्लॅश, मग अंक साफ, मग किमान-सरासरी-कमाल, मग लेखन, मग डब्ल्यूपी_सेफ_रिडायरेक्ट आणि लगेच एक्झिट. नॉन्स आहे म्हणून परवानगीची तपासणी गाळू नका, नॉन्स फॉर्म तुमच्याच पानावरून आला एवढंच सांगतो. अनस्लॅश विसरलात तर शेऱ्यात अवतरणचिन्ह आलं की मागे उलट्या तिरप्या रेषा साठत जातात.

पानाच्या कॉलबॅकमध्येच सेव्ह करून रिडायरेक्ट करायला जाऊ नका. तोपर्यंत डॅशबोर्डचं शीर्ष छापून झालेलं असतं आणि 'हेडर्स ऑलरेडी सेंट' येतं. तिथेच ठेवायचं असेल तर 'लोड-' आणि हुकनाव या हुकवर करा.

एरर रिडायरेक्टनंतर दाखवायच्या असतात, आणि भरलेले आकडेही परत हवेत. ते पत्त्यात कोंबू नका. युजर आयडी नावात असलेल्या ट्रान्झियंटमध्ये (मुदत संपणाऱ्या तात्पुरत्या नोंदीत) एक मिनिटासाठी ठेवा, पान उघडलं की दाखवून पुसा. छापताना रकान्यांच्या किमतींना एस्क_ॲट्र, बाकी मजकुराला एस्क_एचटीएमएल.

तारीख: पीएचपीचं डेट फंक्शन वापरू नका. वर्डप्रेस पीएचपीचा टाइमझोन यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतं, त्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंत 'आज' म्हणजे काल असतो. पहाटे भाजीपाल्याचे भाव भरणाऱ्यांना हे बरोबर नडतं. डब्ल्यूपी_डेट वापरा आणि सेटिंगमध्ये टाइमझोन 'कोलकाता' निवडा.

मंजुरीच्या यादीला डब्ल्यूपी_लिस्ट_टेबल वाढवून घ्या. तो अधिकृतपणे अंतर्गत वापराचा वर्ग आहे, पण सगळे वापरतात. फाइल स्वतः रिक्वायर करावी लागते. प्रिपेअर_आयटम्समध्ये कॉलम हेडर्स भरायला विसरलं की यादीला रकानेच दिसत नाहीत. एकगठ्ठा मंजुरीचा नॉन्स तोच वर्ग छापतो, नाव 'बल्क-' आणि पुढे कन्स्ट्रक्टरला दिलेलं अनेकवचन. तपासताना हेच नाव द्या, स्वतःचं वेगळं दिलं की दर वेळी 'लिंकची मुदत संपली' येईल.

मंजूर ओळ ऑपरेटरने पुन्हा बदलली तर ती परत 'प्रलंबित' व्हायला हवी. हे अपडेटच्या त्याच क्वेरीत लिहा, वेगळ्या पायरीत नको.

---

निफाडकर:

दोन व्यवहारातल्या गोष्टी राहिल्या.

ऑपरेटर आवारात उभा राहून फोनवर भरणार. डॅशबोर्ड ७८२ पिक्सेलखाली मोबाइलची मांडणी घेतो, त्यात पाच रकान्यांची आडवी ओळ मावत नाही. फॉर्म-टेबल वर्गाची उभी मांडणी ठेवा, एका वाणाला एक गट, गटाच्या शेवटी त्याचं बटण. वाण भरलं की तेवढंच सेव्ह. काल उघडून ठेवलेल्या टॅबमधून आज सेव्ह केलं तर नॉन्स संपलेला असतो (आयुष्य जास्तीत जास्त २४ तास) आणि भरलेलं सगळं जातं. एकाच वाणाचं गेलं तर पुन्हा भरायला मिनिट लागतं.

जास्तीचं शून्य पकडायला कालच्या मंजूर सरासरीशी तुलना करा. दुपटीपेक्षा जास्त किंवा निम्म्याहून कमी असेल तर पिवळी पट्टी आणि 'बरोबर आहे' अशी खूण मागा. अडवू नका. कांद्याचा भाव खरोखर एका दिवसात भलताच पडू शकतो, आणि नेमक्या त्याच दिवशी लोक साइट बघायला येतात.

कॅश प्लगिन असेल तर मंजुरीच्या फंक्शनमधून भावाच्या पानाची कॅश साफ करा, सेव्हच्या नव्हे. नाहीतर मंजुरी देणारा म्हणणार दिली, आणि वाचकाला दुपारपर्यंत कालचाच भाव दिसणार.

---

सिडकोकर:

पिवळ्या पट्टीसाठी 'काल' म्हणजे तारखेने काल घ्यायचा का? सोमवारी रविवारचा भाव नसेल.

---

निफाडकर:

नाही. त्या बाजाराची, त्या वाणाची, 'बंद' नसलेली शेवटची मंजूर ओळ घ्या, तारीख उतरत्या क्रमाने, मर्यादा १. युनिक कीचा क्रम बाजार, वाण, तारीख असा ठेवलात तर हीच क्वेरी त्या इंडेक्सवरून लगेच निघते. तारीख पहिली ठेवलीत तर निघणार नाही. हंगामाचा पहिला लाल कांदा आला की मागची ओळ मार्च-एप्रिलची सापडेल, तेव्हा ती १५ दिवसांपेक्षा जुनी असेल तर तुलनाच करू नका.